शोधलेला चौकोन

"प्रत्येकाला दोन," कमोडोर धारप म्हणाले आणि भिंतीवरच्या नकाशावर त्यांनी खडूने रेघा मारायला सुरुवात केली. "सहा चौकोन, तीन जहाजं. सुर्व्यांना दोन, घोरपड्यांना दोन, नायरना दोन. झालं! कुणाची तक्रार नको."

"सर, ही काय पंगत आहे का, प्रत्येकाच्या पानात दोन-दोन लाडू वाढायला?" मी म्हणाले.

खोलीतले दोघे-तिघे अधिकारी खाली बघून हसले. धारप हसले नाहीत. ते वाईट गृहस्थ नव्हते, उलट इतके न्यायी होते की अंगावर काटा यायचा. ऑफिसात कुणाचा वाढदिवस असला की केकचे तुकडे स्वतः पट्टी धरल्यासारखे सारखे कापायचे. समुद्राचेही तसेच कापायला निघाले होते.

मी तेव्हा पश्चिम किनाऱ्यावरच्या एका नौसैनिक तळावर गणिताचं काम करायची. जहाजं थोडी, समुद्र अफाट. तेव्हा कुठलं जहाज कुठे ठेवलं तर जास्तीत जास्त उपयोग होईल, हे हिशेबाने सांगायचं, ही माझी नोकरी. अख्ख्या गणवेशवाल्यांत साडी नेसलेली मी एकटी. माझं म्हणणं सगळे आदराने ऐकत, चहा पाजत, आणि मग त्यांना जे करायचं असे तेच करत. अकरा वर्षं मी हा चहा प्यायले.

त्या आठवड्यात मात्र शत्रूचा प्रश्न नव्हता. हर्णैची एक मच्छीमार बोट वादळात सापडली होती. 'इंजिन बंद पडलं' एवढा एक निरोप वायरलेसवर आला आणि मग सगळं गप्प. बोटीवर सात माणसं. विमान एकच, तेही दुरुस्तीत. म्हणून तीन जहाजं शोधाला द्यायचं ठरलं, पण फक्त गुरुवार संध्याकाळपर्यंत. शुक्रवारपासून मोठा सराव होता आणि त्याला तिन्ही जहाजं हवी होती.

"सर, ऐका तरी," मी म्हणाले. "निरोप आला तेव्हा बोट इथे होती. वारा असा, पाण्याची ओढ अशी. वादळ आता शमलंय, म्हणजे बोट यापुढे फार सरकणार नाही. ती तिसऱ्या चौकोनात असण्याची शक्यता निम्मी आहे, निम्मी! बाकीच्या पाच चौकोनांत मिळून उरलेली निम्मी. दोन जहाजं तिसऱ्यात घाला. एकाने बाकीचं बघू दे."

"तिसरा सुर्व्यांकडे आहे."

"राहू दे ना. त्यांच्या जोडीला घोरपडे जाऊ देत."

धारपांनी खडू खाली ठेवला. लहान मुलाला समजवावं तसे म्हणाले, "पाटणकरबाई, सुर्वे हा आमचा सर्वांत जुना कप्तान. त्याच्या चौकोनात दुसऱ्याला पाठवलं तर त्याला काय वाटेल?"

"सात माणसं बुडाली तर त्यांना काय वाटेल?"

"तो मुद्दा वेगळा."

माझ्या मते मुद्दा तेवढाच होता. पण खडू त्यांच्या हातात होता. प्रत्येकाला दोन!

बुधवारी संध्याकाळपर्यंत नकाशावर सहाच्या सहा चौकोनांत हिरवी बरोबरची खूण झाली. आमच्याकडे रीतच तशी होती. जहाज चौकोनातून फिरून आलं की कप्तान कळवणार 'शोध पूर्ण', आणि इकडे हिरवी खूण. शोधलेला आणि न शोधलेला, एवढे दोनच प्रकार. कसा शोधला, काय दिसत होतं, हे विचारायचं नाही. कप्तानाला असलं विचारणं म्हणजे सुगरणीला 'मीठ घातलं होतंस ना' म्हणून विचारण्यासारखं.

तेवढ्यात मच्छीमार सोसायटीचे चेअरमन एका बाईंना घेऊन आले. हिरा चोगले. बोट चालवणारा तांडेल धर्मा चोगले, त्याची बायको. वय तिशीच्या आसपास, हिरवं लुगडं, आणि रडून नाही तर न झोपता लाल झालेले डोळे. धारपांनी तिला खुर्ची दिली, पाणी मागवलं, आणि नकाशाकडे हात करून फार हळुवारपणे सांगितलं, "बाई, आम्ही सगळीकडे शोधलं. हे बघा, एक जागा सोडली नाही. उद्या अजून बाहेरच्या बाजूला जाऊन बघू. पण मनाची तयारी ठेवा."

हिराने त्या हिरव्या खुणा बघितल्या. "सगळीकडे शोधलंत?"

"सगळीकडे."

"मग माणसं गेली कुठं?" तिने विचारलं. धारपांनी मान खाली घातली. ती माझ्याकडे वळली. "तुम्ही सांगा गो बाय. मी त्याच्या नावाचं कुंकू पुसू की नको? घरी सासू विचारते. काय सांगू तिला?"

"नका पुसू," मी म्हणाले.

धारपांनी माझ्याकडे असं बघितलं की खोलीत दुसरं कुणी नसतं तर त्यांनी मला बाहेर काढलं असतं. हिरा गेल्यावर ते म्हणाले, "खोटी आशा लावणं हे पाप आहे, बाई."

"आणि खोटी निराशा लावणं?"

"सहा चौकोन शोधून झालेत!"

"झालेत ना! म्हणून तर म्हणते!" आता माझा आवाज चढला होता. "सर, तुमच्या स्वयंपाकघरात सौभाग्यवतींच्या कानातली कुडी पडली. वीज गेलेली. काडी पेटवून शोधलीत, सापडली नाही. मग काय, आता अंगणात शोधायला जाणार? का, तर स्वयंपाकघर 'शोधून झालं'?"

"तुम्ही असं म्हणताय की सुर्व्यांनी काडी पेटवून शोधलं?"

"मला माहीत नाही! तेच तर मला विचारायचंय! समुद्र किती खवळलेला होता, ऊन डोळ्यांवर होतं का, बोट तिथे असती तर ती दिसली असती का? दहा वेळा गेले असते तर किती वेळा दिसली असती? एवढा एक आकडा द्या. दहातल्या नऊ वेळा असेल, तर मी गप्प बसते, बाहेर जा. पण दहातल्या चार-पाच वेळा असेल, तर अजूनही सगळ्यांत जास्त शक्यता तिसऱ्याच चौकोनाची आहे. हिरवी खूण असली तरी!"

"कप्तानाला असं विचारत नाहीत."

"का नाहीत?"

"कारण मग त्याचा अर्थ, त्याने नीट पाहिलं नाही."

"अहो, त्याचा अर्थ समुद्राने नीट दाखवलं नाही!"

"आणि समजा, परत तिथे पाठवलं आणि बोट तिथेच सापडली," धारप खालच्या आवाजात म्हणाले, "तर चौकशी बसते. नियम आहे. शोधलेल्या जागी माणूस सापडला की कप्तानाची चौकशी. सुर्व्यांची बढतीची वेळ आहे. मी माझ्या माणसाला त्या खड्ड्यात ढकलू?"

म्हणजे गंमत बघा. बोट तिसऱ्या चौकोनात नसावी, अशी आता आमच्याच मुख्यालयाची मनोमन इच्छा होती. मी घरी गेले आणि नवऱ्याने काय झालं विचारल्यावर त्याच्यावरच उखडले. त्या बिचाऱ्याचा काय दोष? पण धारपांवर उखडून काही उपयोग नव्हता.

गुरुवारी जहाजं बाहेरच्या बाजूला निघाली, जिथे बोट असण्याचं काही कारण नव्हतं. दुपारी रोजच्यासारखं वायरलेसवरून तिन्ही कप्तानांकडून हवामान घ्यायचं होतं. हवामान विचारायची मला मुभा होती, कारण ते माझ्या हिशेबाला लागे. धारप शेजारीच उभे होते. वायरलेसवर एक बोलला की बाकीच्या दोन्ही जहाजांना ऐकू जातं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही.

मी आधी घोरपड्यांना धरलं. कॅप्टन घोरपडे कोल्हापूरकडचे, तरुण, मोकळे. काल आणि परवाचं हवामान सांगून झाल्यावर मी म्हणाले, "घोरपडे, तुमच्या चौकोनात ती बोट असती, तर दहातून किती वेळा दिसली असती?"

धारप एकदम पुढे झाले. मी पाठ फिरवली.

घोरपडे हसले. "हे नवीनच काढलंत मॅडम. आमच्याकडे पाणी बरं होतं. दहातून... आठ म्हणा."

"कॅप्टन सुर्वे?"

"ऐकतोय."

"तिसऱ्या चौकोनाचं सांगा. दहातून किती?"

वायरलेसवर नुसती खरखर. धारपांनी माझ्या खांद्याजवळ येऊन दबक्या आवाजात म्हटलं, "बाई, ठेवा ते खाली." मी ठेवलं नाही.

"लाटांचे माथे पांढरे होते," सुर्वे सावकाश म्हणाले. त्यांचा आवाज जाड आणि संथ, मालवणी हेल असलेला. "बोटही पांढरीच ना? दुपारभर सूर्य समोर. चार पहारेकरी होते, डोळे फाडून बघत होते. मीही होतो. चार, मॅडम. दहातून चार. खरं सांगायचं तर चारसुद्धा जास्तच."

"हे तुम्ही कळवलं का नाही?"

"कुणी विचारलं नाही."

मी डोक्याला हात लावला. पुढे काही बोलणार तोच धारपांनी माझ्या हातातून यंत्र घेतलं. मला वाटलं, आता संपलं. पण तिकडून सुर्वेच म्हणाले, "सर, मला परत तिसऱ्यात जाऊ द्या."

"सुर्वे, विचार करून बोला. सगळे ऐकताहेत."

"विचार कालपासूनच करतोय, सर. जेवण गेलं नाही."

"सापडली तर मला चौकशी लावावी लागेल. माझ्या हातात राहणार नाही."

"माहीत आहे. नाही सापडली तर मी स्वतःला विचारत राहीन, ती चौकशी कोण थांबवणार?"

धारप नकाशाकडे वळले. त्या माणसाला सगळ्यांना सारखं वाटायची सवय, आणि इथे सारखं वाटण्यासारखं काहीच नव्हतं. शेवटी म्हणाले, "जा. घोरपडे, तुम्हीही जा. सूर्य पाठीशी ठेवा."

सूर्य पाठीशी ठेवा! दोन दिवस मी घसा कोरडा करत होते ते आत्ता त्यांना सुचलं.

बोट सूर्यास्ताच्या थोडं आधी सापडली. तिसऱ्याच चौकोनात, अर्धी पाण्याखाली, माणसं कडेला धरून. सातही जिवंत. धर्मा चोगल्याचा पाय मोडला होता, एकजण भ्रमात बडबडत होता, पण सातही! सुर्व्यांचा आवाज वायरलेसवर आला तेव्हा खोलीतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. धारपांनी तर माझा हात धरून हलवला. "पाटणकरबाई, मानलं तुम्हाला!" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खरं होतं. मी खाली फाटकाजवळ गेले. हिराला कुणीतरी आधीच सांगितलं होतं. ती रस्त्यावरच बसून हमसून हमसून रडत होती आणि मध्येच नवऱ्याला कचकचीत शिव्या घालत होती, इंजिन दुरुस्त न करता गेला म्हणून. मला बघून तिने माझे दोन्ही हात आपल्या तोंडावर दाबून धरले. मीही रडले. मला लाज वाटली नाही.

नियमाप्रमाणे चौकशी बसली. तीन वरिष्ठ अधिकारी बाहेरून आले. मला साक्षीला बोलावलं. मला वाटलं, बरं झालं, यांना एकदा नीट समजावून सांगता येईल.

अध्यक्षांनी विचारलं, "कप्तानांनी स्वतः कबूल केलं की त्यांना दहापैकी चारच भाग दिसत होते?"

"कबूल केलं नाही, सांगितलं. आणि चार भाग नव्हे, शक्यता..."

"म्हणजे दहापैकी सहा भाग काम झालं नव्हतं."

"काम पूर्ण झालं होतं! त्या पाण्यात, त्या उन्हात कुणीही गेलं असतं तरी चारच!"

"पण मग त्यांनी 'शोध पूर्ण' कसं कळवलं?"

"कारण तुमच्याकडे दुसरं काही कळवायची सोयच नाही!"

"बाई, आवाज खाली."

मी आवाज खाली केला, वर केला, फळ्यावर आकडे मांडले, कुडीचं उदाहरण दिलं. एका सदस्यांनी ती कुडी शेवटी सापडली का, असं विचारलं. मी त्यांना सांगितलं की कॅप्टन सुर्व्यांनी खरं सांगितलं नसतं तर आज सात घरांत सुतक असतं. अध्यक्ष म्हणाले, ते मान्य आहे आणि त्याची नोंद केली जाईल. नोंद केली. आणि सुर्व्यांना नाराजीचं पत्र दिलं. बढती गेली. जहाज गेलं. त्यांना किनाऱ्यावर भांडारात बसवलं, दोरखंड आणि रंगाचे डबे मोजायला.

निकालाच्या दिवशी ते जिन्यात भेटले. मी रागाने धुमसत होते. तेच म्हणाले, "कशाला त्रास करून घेता? सात जण घरी गेले ना?"

"तुम्ही पण ना, कॅप्टन! जरा तरी चिडा की!"

"चिडतो की. घरी चिडतो. बायको ऐकते बिचारी." आणि ते खाली उतरून गेले.

पुढच्या हंगामात धारपांनी मला बोलावून घेतलं. चेहरा नुसता फुललेला. भिंतीवर नवा कोरा नकाशा आणि प्रत्येक चौकोनात हिरव्या खुणेशेजारी एक छोटी चौकट. "बघा! तुमची पद्धत आपण कायमची लागू केली. आता प्रत्येक कप्तानाने सांगायचंच, दहातून किती दिसत होतं. वरूनसुद्धा शाबासकी आली. मी तुमचं नाव घातलंय त्यात."

त्या वेळी एक छोटी होडी हरवली होती, तीन माणसं होती तिच्यावर. दोन दिवस शोध चालला होता. मी जवळ जाऊन आकडे वाचले. पहिल्या चौकोनात दहा. दुसऱ्यात दहा. तिसऱ्यात दहा. सहाच्या सहा चौकोनांत दहापैकी दहा.

"काय सुधारणा आहे!" धारप म्हणाले. "विचारायला लागल्यापासून आमची माणसं कशी डोळ्यांत तेल घालून बघताहेत!"

खिडकीबाहेर समुद्र भुरा झाला होता आणि पांढऱ्या माथ्यांच्या लाटा थेट बंदरापर्यंत येत होत्या. मी वायरलेस उचलला.

"घोरपडे, पाणी कसं आहे?"

"वाईट, मॅडम. खूप वाईट."

"मग दहातून किती?"

"दहा."

"घोरपडे!"

खरखर झाली. मग त्यांचा आवाज आला, अगदी हळू. "मला दोन मुली आहेत, मॅडम. दहा लिहा."

मी यंत्र खाली ठेवलं. धारप हातात खडू घेऊन माझ्याकडे बघत उभे होते, खरोखरच उत्सुकतेने. गेल्या वेळी ऐकलं नाही, या वेळी ऐकायचंच असं त्यांनी ठरवलं होतं. "सांगा, बाई. मी तुमच्या शब्दाबाहेर नाही. तुमच्या हिशेबाने आता परत कुठल्या चौकोनात जायचं?"

मी तो हिशेब त्यांच्यासमोर दोनदा केला. सगळीकडे दहापैकी दहा. माझ्या गणिताप्रमाणे ती तीन माणसं समुद्रात कुठेच नव्हती.